तीन चाकांवर बांगड्या

२ डिसें.
गाडी दौंडहून आली. माझीच जुनी मोटारसायकल, मागं एकाच्या जागी आता दोन चाकं. गुडघ्यात रॉड बसल्यापासून डावा पाय भार घेत नाही. दोन चाकांवर गाडी थांबवली की पाय दुमडायचा आन् मी गाडीसकट खाली. यवतच्या चौकात दोनदा झालं. तेव्हापासून ह्यांचं एकच, "गावं फिरणं बास. दुकानात बस, गिऱ्हाईक येतंय की." दुकान त्यांचं. गावोगाव जाऊन बांगड्या भरायचं काम माझं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. बसणार नाही.

३ डिसें.
शाळेमागच्या मैदानात पहिला फेरा. सवयीनं अंग झुकवलं, गाडी सरळ बाभळीत. हात खरचटला. चाकं बसवणाऱ्या दौंडच्या मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, "ताई, ही गाडी आता वाकत न्हाई. हँडल वळवा नुसतं." सांगायला सोपं. अंगाला कोण सांगणार.

५ डिसें.
कालव्याचा रस्ता. दोन चाकांवर खड्डा चुकवता यायचा. आता पुढचं चाक चुकवलं की मागच्यातलं एक हमखास सापडतं. शेतरस्त्यावर तर ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या, आन् माझं पुढचं चाक मधल्या उंचवट्यावर. हिरव्या बांगड्यांचा एक डबा पार चुरा. ह्यांनी चुरा बघितला. केरसुणी घेऊन स्वतःच भरला. बोलले असते तर बरं.

८ डिसें.
चौकात उसाची ट्रॉली आडवी, सगळे खोळंबले. मी सवयीनं पाय खाली टाकला, मागचं चाक पावलावर येता येता राहिलं. मग पाय वर घेतले आन् नुसती बसून राहिले. शेजारचे सगळे एका पायावर तोल सांभाळत उभे. इतक्या वर्षांत थांबल्यावर अशी निवांत कधी बसले नव्हते.

पुतण्यानं चारचौघांत विचारलं, "काकू, शेअर रिक्षा का?"
म्हटलं, "व्हय. बस मागं. तुला सासुरवाडीला सोडते, तिथंच ऱ्हा."

११ डिसें.
न्हावऱ्याला परवा लग्नाच्या बांगड्या. नवरीची आत्या जुनी ओळखीची. हे म्हणाले, "टेम्पो सांगतो." नको म्हटलं. "पडलीस म्हंजी?" म्हटलं, पडायची ती दोन चाकांवर पडले.
त्यांचा चेहरा उतरला. दवाखान्यात उशाशी तेच बसायचे. तरी नको.

१३ डिसें.
लिहायचं नव्हतं, पण.
नदीवरचा पूल संपल्यावर उजवं वळण. मला घाई. उजवं मागचं चाक जमिनीवरून उचललं. क्षणभरच. गाडी खाली बसली, मी बाजूला घेतली. म्हणजे हीसुद्धा पाडू शकते. पाच-दहा मिनिटं तशीच बसले. मग पुढं, सायकलवाला मागं टाकून गेला इतकी हळू.
न्हावऱ्यात पोचले तर मांडवात दुसरीच बाई बांगड्या भरत होती. शिरूरची पोरगी, स्कूटीवाली. आत्या म्हणाली, "वाट बघितली गं. नवरीला थांबवता येतंय व्हय?" बरोबर आहे तिचं. नवरीचा हात तिनं भरला. उरलेल्या बायका मी भरल्या. एका म्हातारीचा हात इतका जाड, की पोरगीनं सोडून दिला होता. मी भरला, एकही फुटली नाही.

घरी येऊन चाक उचलल्याचं ह्यांना सांगितलं. लपवायचं नव्हतं. म्हणाले, "आता तरी?"
"आता तरी काय?"
न जेवता उठले.

१५ डिसें.
मैदानात परत. उजवी वळणं, नुसती उजवी. वळणाआधीच वेग कमी, मधे ब्रेक नाही. चाक उचललं नाही. एकदाच थोडं, लगेच बसलं.

पाऊण तास झाला. गुडघा ठणकतोय. उद्या परत.

१८ डिसें.
ह्यांनी गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी माणूस येणार. "नुसता बघायला," म्हणाले. मला न विचारता. गाडी माझ्या नावावर.
म्हटलं, रविवारी पाटसला डोहाळजेवण आहे. पन्नासेक बायका. मी जाणार, गाडी घेऊन. त्याला बघायची असली तर पाटसला ये म्हणा.
ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग, "पाटसच्या रस्त्याला कारखान्याच्या ट्रॉल्या लई असतात."
"म्हाईत हाय. लवकर निघणार."
माणसाला नको म्हणून कळवलं का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. डबे भरून ठेवलेत, मधे चिंध्या घालून.