विमानाच्या मासिकाची वर्गणी

४ जानेवारी २००९, रविवार
संकल्प. विमानाच्या इंग्रजी मासिकाची वर्गणी यंदा भरायची नाही. अकरा वर्षं भरली, पुरे झालं. ओरोसच्या ऑफिसात आता इंटरनेट आहे, सगळं फुकट वाचता येतं. शिवाय अंक इथे तोंडवलीला पोचेपर्यंत त्यातलं नवं विमान जुनं झालेलं असतं. निर्णय पक्का. तुळसाला सांगितलं. ती म्हणाली, बरा झाला, कपाट मोकळा होतला. बायकोला या विषयात गती नाही.

११ जानेवारी
अंक आला. शेवटचाच म्हणून पुरवून वाचायचा ठरवला. चहा होईपर्यंत संपला. सवयीप्रमाणे अपघातांचं पान आधी. सेफ्टी हा माझा खास विषय.

१२ जानेवारी
ऑफिसात इंटरनेट उघडलं. विमानाचं फक्त शेपूट उमटलं तेवढ्यात साहेब आले. कागद तो कागद. संकल्पाचा फेरविचार करणे.

२४ जानेवारी
दिल्लीहून फोन. संचिताला मुलगा झाला! डॉक्टरांनी प्रवास बंद केल्यामुळे पोरीला बाळंतपणाला माहेरी येता आलं नव्हतं, जीव टांगणीला लागला होता. मी आजोबा झालो. बराच वेळ रडलो. जावई यतीनरावांनी बारशासाठी आम्हा दोघांची विमानाची तिकिटंसुद्धा काढली. दाबोळी ते दिल्ली, ३ तारीख.

२५ जानेवारी
वाडीभर बातमी. शेजारचा बाबली म्हणाला, तुजो अभ्यास कामाक इलो. त्याला अंगणात बसवून विमान हवेत का टिकतं ते समजावलं. मधेच उठून म्हशीला बघायला गेला, पण मुद्दा कळला असावा. आता वर्गणी भरणं कर्तव्यच आहे. फॉर्म काढून ठेवला.

२८ जानेवारी
यतीनरावांना फोन करून सुचवलं की रेल्वेने देश बघता येतो. ते म्हणाले, बाबा, वेटिंग फार आहे, आणि ही तिकिटं परत होत नाहीत. जावयाशी जास्त बोलता येत नाही.

३० जानेवारी
जुने अंक काढले. अकरा वर्षांची अपघातांची पानं एका बैठकीत वाचून काढली. जेवण गेलं नाही. अभ्यासू माणसाचं असंच होतं. तुळसा मजेत बाळंतिणीचे लाडू वळते आहे. तिने काहीच वाचलेलं नाही, म्हणून तिला भीती नाही. (मला आहे असं नव्हे.)

१ फेब्रुवारी
तुळसाने देवळात जाऊन कौल लावला, विमानाने जावं की नाही. पुजारी महादूने मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली. म्हणजे देवाची परवानगी. मी म्हटलं, प्रश्नच मोघम विचारलास. विमान कुठलं, हवामान कसं, पायलटला अनुभव किती, काही नाही. तिला पुन्हा पाठवलं. महादूने कळवलं, देवाक इमानाचो नंबर कित्याक व्हयो? पण पाकळी लावली. परत उजवीच. देवाचंही वाचन कमी पडतं.

२ फेब्रुवारी
बॅग भरली. शर्ट दोन, अंक सात. प्रवासात मन शांत राहावं म्हणून.

३ फेब्रुवारी
दाबोळी. बाबलीने सुमोने सोडलं आणि लगेच वळला. एक विमान अगदी डोक्यावरून उतरलं. चित्रात एवढा आवाज येत नाही. दारात शिपायाने ओळखपत्र मागितलं. तुळसाने इलेक्शनचं कार्ड लगेच काढलं. माझं कुठेच सापडेना. सगळे खिसे पाहिले. मागे रांग खोळंबली. मी तुळसाला म्हटलं, तू हो पुढे, बारसं चुकू नये. ती जाईना. बॅग तिच्या हातात दिली आणि जवळजवळ ढकललीच. काचेपलीकडून वळून वळून बघत होती.

परतीच्या एसटीत तिकीट काढताना ओळखपत्र पाकिटातच मिळालं. गडबडीत असं होतंच.

४ फेब्रुवारी
घरी एकटाच. बाबली विचारून गेला, तू खंयसून इलस? कुठून आलो ते सांगितलं, आणि टेक्निकल कारणही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
बारसं झालं. नाव रविराज. फोनवर पाळण्याचं गाणं ऐकवलं, मधे खरखर फार. संचिता म्हणाली, बाबा, तुम्ही हवे होतात. एवढी वर्षं विमानं वाचली आणि नातवापर्यंत पोचलो नाही. काय करणार?

मग संचिताने तुळसाला फोन दिला. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, टेक-ऑफ कसा झाला? अपेक्षा अशी की ती म्हणेल, मी झोपलंय, माका काय कळूकच नाय. ती म्हणाली, भियाने जीव जाय होतो. शेजारच्या अनोळखी बाईचा हात दिल्लीपर्यंत सोडला नाही म्हणे. ती बाई बिचारी पंजाबी, नुसती थोपटत राहिली. आणि मग तुळसाने विचारलं, तुमचो हात खंय होतो?

लाइन कट झाली असं सांगून मी फोन ठेवला.

६ फेब्रुवारी
रजा शिल्लक, म्हणून घरीच. उरलेले सगळे अंक काढून जमिनीवर मांडले. इंजिनं आहेत, पंख आहेत, धावपट्ट्या आहेत, पडलेल्या विमानांची कारणं आहेत. शेजारी बसून बायकोचा हात धरायचा असतो, हे कुठल्याच अंकात दिलेलं नाही.

वर्गणीचा फॉर्म समोर आहे. भरावा की नाही, काही सुचत नाही.