हिचे खडे आणि तुमची पॉलिसी

तीर्थरूप दादांना तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि तुमचा विम्याचा धंदा, तिन्हींना आराम असेल अशी आशा आहे. (तिसऱ्याविषयी पुढे येईलच.)

हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं. चांगले मूठभर खडे निघाले. डॉक्टरांनी ते बाटलीत घालून दिले आणि आता भेटायला येणाऱ्याला चहाच्या आधी ती बाटली दाखवली जाते. शेजारच्या मास्तरीणबाई चहा न घेताच गेल्या.

घरी सोडायच्या दिवशी ही सकाळीच केस विंचरून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. मी बिलाच्या खिडकीशी गेलो. खिशाला हातही लावावा लागणार नाही, असं तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून पाकीट घरीच ठेवलं होतं. खिडकीतल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, कंपनीने क्लेम नाकारलाय. खडे पॉलिसीच्या आधीचे आहेत म्हणतात." मी विचारलं, "त्यांच्यावर तारीख होती का?" त्या हसल्या. बिल मात्र होतं तेवढंच राहिलं.

आता हिला काय सांगायचं? आधीच अंगात त्राण नाही. मी सांगून टाकलं, की डॉक्टरांना अजून जरा बघायचंय, आज सोडत नाहीत. (याहून वाईट थाप मला आजवर सुचलेली नाही.) आणि मी पैशांच्या मागे निघालो. माझ्या शिलाईच्या दुकानातलं काज करायचं मशीन पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला विकलं, आणि उरलेल्याचे हप्ते करून द्या म्हणून हॉस्पिटलच्या मॅनेजरसमोर बसून राहिलो.

संध्याकाळी परत आलो, तर ही म्हणाली, "इकडे बसा." मग शांतपणे सांगायला लागली. गॅसचं पुस्तक कुठे आहे, जाड पांघरुणं कुठल्या पेटीत, भातात पाणी बोटाच्या कितव्या पेरापर्यंत. मी मान डोलवत होतो. मीठ किती, हेही विचारून घेतलं. (माझी अक्कल तुम्हाला ठाऊक आहेच.) पुढे म्हणाली, "आणि एकटे राहू नका. पण ती मास्तरीण नको, तिच्या हाताला चव नाही." तेव्हा कुठे माझं तिच्या हाताकडे लक्ष गेलं. पिशवीचा बंद तिने बोटांभोवती करकचून गुंडाळला होता.

मी म्हटलं, "अगं, तुला काही झालेलं नाही. बिल झालंय."

"नुसतं बिल?" ती म्हणाली, आणि टाके धरून इतकी हसली की नर्स धावत आली. मग रडली. मग मीही.

आता घरी आहोत. काजं हाताने करतो. ही शेजारी बसून माझी उसवते आणि नीट करून देते. कंपनीला पुन्हा अर्ज केलाय, बघू.

आपला,
मेहुणा

ता. क. : त्या दिवसापासून तुमचा फोन बंद आहे. फोनमध्ये पाणी गेलंय, असं मी हिला सांगितलंय. ती रोज विचारते, वाळला का? दादा, खिशाला हात लावावा लागणार नाही, असं तुम्हालाही कंपनीने वरून सांगितलं असणार, हे मला कळतं. पैसे नकोत. लाजू नका, रविवारी या. या पत्राचं कारण एवढंच.

आणखी एक ता. क. : दादा, हे मी लिहितेय, यांनी पाकीट चिकटवायच्या आत. यांचा राग गेला असेल, माझा गेलेला नाही. मला तुझ्यावर समोर बसवून रागवायचंय. रविवारपर्यंत थांबू नकोस.