भीमथडी घोड्याचा फोटो

रविवार, ८ फेब्रुवारी, मुलुंड

डोकं अजून तापलेलंच आहे. आज पहिल्यांदा निखिलच्या घरी गेले, लग्नाचं बोलायला. सोफ्याच्या वर भीमथडी घोड्याचा हा एवढा मोठा फोटो. गावाकडे पाळलाय म्हणे. चहा येईपर्यंत निखिलचे बाबा त्याचंच कौतुक सांगत होते. अरबांचे घोडे जहाजांतून आले, तुर्कांचे स्वाऱ्यांबरोबर आले, इथल्या तट्टांशी त्यांची सरमिसळ झाली. "म्हणून तर इतका काटक, बेटा. घाट चढतो, मिळेल ते खातो."

मला खरंच आवडलं ते ऐकायला.

मग त्यांनी विचारलं, "आडनावावरून कळत नाही. तुम्ही नक्की कोण?"

म्हणजे निखिलने घरी सांगितलंच नव्हतं?

म्हटलं, बौद्ध.

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या घराण्यात अजून बाहेरचं रक्त आलेलं नाही."

त्याच फोटोखाली बसून. जराही अडखळले नाहीत.

आणि निखिल मान वर करून तो फोटो बघत बसला.

आत्ता त्याचा मेसेज आलाय, 'बाबांचं मनावर घेऊ नकोस ना यार.'

बाबांचं नाहीच घेतलंय रे. तू तेवढा वेळ त्या घोड्याकडे का बघत होतास, ते सांग.