टेबल नंबर चार बोलतोय

२ मार्च, सोमवार
लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात एकोणीस वर्षं. टेबल नंबर दोन. फोन घ्यायचा, टेबल नंबर सांगायचा, फॉर्म भरायचा, मेकॅनिक पाठवायचा. विभागप्रमुखाची खुर्ची या महिन्यात रिकामी होतेय. ती माझीच. चर्चेचा प्रश्नच नाही.
आज ट्रेनिंगवाल्या बाई आल्या. वय फार तर पंचवीस. म्हणे, खेळता खेळता शिकायचं. एकाने लिफ्टमध्ये अडकायचं, दुसऱ्याने फोनवर धीर द्यायचा. पोरखेळ.

३ मार्च
टेबल चारवर माझा मेव्हणा. मीच चिकटवलाय. (अक्कल गहाण टाकली होती.) आज तो अडकलेली म्हातारी झाला. किनऱ्या आवाजात ओरडला की मेल्या, मी आत आणि माझं मांजर बाहेर, आधी मांजराशी बोल! मी नियमाप्रमाणे पत्ता विचारला. त्याने दिला. जरा ओळखीचा वाटला. फॉर्म भरला. मेकॅनिक पाठवला.
खराखुरा मेकॅनिक. माझ्याच घरी. आमच्या इमारतीला लिफ्टच नाही.
बायकोचा फोन आला. बोलता येईना, इतकी हसत होती. मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, जन्मल्यावर तुम्ही आधी फॉर्म भरला असाल, मग रडला असाल.
सूड घेणार.

४ मार्च, सकाळी ६.२५
खेळकर होण्याचा सराव सुरू. रोज ६ ते ६.२०, आरशासमोर. बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का.

६ मार्च
मुलीचा सल्ला घेतला. ती म्हणाली, बाबा, खेळताना घड्याळ काढून ठेवा. काढलं. किती वेळ खेळलो ते कळेना. पुन्हा घातलं.

९ मार्च
बाईंनी जाहीर केलं, उद्या दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान सरावाचे फोन येणार. मला कोण करणार ते उघड आहे. प्लॅन तयार. मेव्हण्याला त्याचीच नक्कल ऐकवायची. भर ऑफिसात नाक कापायचं. उद्या दाजी कळतील.

१० मार्च, दुपारी ३.१०
सूड पूर्ण!
दोन वाजता फोन. मेव्हणा जागेवर नाही. म्हणजे तोच. थरथरता बायकी आवाज, अडकलेय, दिवे गेलेत, भीती वाटतेय. अभिनय सुधारलाय, मानलं. मी म्हटलं, टेबल नंबर चार बोलतोय! ताईच्या जिवावर जेवतो, दाजींच्या वशिल्यावर नोकरी करतो, हुकूम करा! मांजराचा आवाज काढला. नाव-गाव-प्राणी-वस्तू खेळायला लावलं. 'झ'वरून प्राणी सुचेना, तर झुरळ चालेल का यावर भांडलो. हात सवयीने फॉर्म भरत होता. भरू दिला. मेकॅनिकही गेला. वीस मिनिटांनी ती, म्हणजे तो, हसून हसून रडायला आला.
मीही. ऑफिसात पहिल्यांदाच. सुडाच्या भरात होतं असं.

११ मार्च, दुपारी १२
सरावाचा फोन नव्हता.
आजी खऱ्या होत्या. वीस मिनिटं अंधारात, एकट्या. सकाळी स्वतः येऊन साहेबांना भेटल्या. म्हणाल्या, टेबल चारच्या मुलाने भीती विसरायला लावली, झुरळावर मात्र रडीचा डाव खेळला. साहेबांनी तिथल्या तिथे खुर्ची टेबल चारला दिली. मेव्हणा दोन सेकंद गोंधळला. मग उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला. हरामखोर.

१२.३०
उठलो. साहेबांना सांगितलं, तो फोन मी घेतला होता. फॉर्म पुढे केला. छापील अक्षरं, नियमाप्रमाणे. कुणाचीही असू शकतात. त्यावर टेबल नंबर चार. मीच लिहिलेला.
साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला.
मग साहेब हसले. मग सगळे. शिपाई भिंतीला टेकून हसला. मेव्हणा म्हणाला, दाजी, झकास, पुन्हा एकदा म्हणा ना. मी पुन्हा म्हटलं. जास्तच हसले.

५.००
ट्रेनिंग संपलं. बाईंनी प्रमाणपत्र दिलं. शेरा : विनोदबुद्धी उशिरा आली, पण आली.
खाली मेव्हण्याची सही, विभागप्रमुख.