फुलीची उडी

२ फेब्रुवारी, रविवार
दादाने आणलेला बायपॉड आज रायफलला बसवला. नळीखाली दोन पाय, उघडले की रायफल नाकतोड्यासारखी उभी! इतकी वर्षं वाळूच्या पिशवीवर ठेवून मारत आले, पिशवी बिचारी सगळं सोसायची. याला मागून खांद्याने पुढे रेटावं लागतं, नाहीतर दर गोळीला नळी वर उसळते. दहा गोळ्या, दहाही वर. दादा म्हणाला, पिशवीने तुझे फार लाड केलेत.

५ फेब्रुवारी, बुधवार
चष्म्याचं दुकान दुपारी बंद करून रेंजवर गेले. नेमबाजीच्या सरांनी बायपॉडच्या पायांखाली रबराची चटई टाकायला लावली. डावा हात पुढून काढून मागे, दस्त्याखालच्या छोट्या पिशवीवर. गोळ्या खाली आल्या. जमतंय.
पण एक गंमत— गंमत कसली! खांद्याने रेटलं की रायफलवरच्या दुर्बिणीतली नेमाची फुली टुण टुण उडते. सर म्हणाले, ती तुमची नाडी. पिशवीवर मारताना खांदा जेमतेम टेकायचा, म्हणून दिसत नव्हती. सगळ्यांचीच उडते, दोन उड्यांच्या मध्ये चाप ओढायचा.
म्हणून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार— पाचवी आलीच नाही. मग एकदम मोठी उडी.
उरलेल्या गोळ्या तशाच परत घेऊन आले.

९ फेब्रुवारी, रविवार
बायपॉडचे स्क्रू आवळले. खांद्याचा जोर निम्मा केला, गाल जरा उचलला. उडी लहान झाली, पण मधेच चुकते ती चुकतेच. बायपॉडला मनसोक्त शिव्या घातल्या. तो लोखंडाचा, तो कशाला ठोका चुकवेल?
बाबा एक्कावन्नाचे होते. बेसिनपाशी दात घासता घासता गेले, ब्रश हातातच होता. मलाही मे महिन्यात एक्कावन्न पूर्ण होतील. दादा तो आकडा ओलांडून चौपन्नाचा झाला, तो सुटला. आता माझी पाळी.
दादाने विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, ऊन लागलं. छपराखाली पालथं पडून ऊन!

१० फेब्रुवारी, सोमवार
दिवसभर मनगट धरून बसले होते. एका गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, घड्याळ हरवलं का?

११ फेब्रुवारी, मंगळवार
भीती वाटते. दात घासतानासुद्धा आता खुर्ची ओढून बसते.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. छातीला तारा चिकटवून चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र दिलंय. दादाला कळू दिलं नाही, तो घर डोक्यावर घेईल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
काही नाही! काही म्हणजे काही नाही! ठोका चुकत नाही म्हणे, एक जरा घाईने येतो आणि पुढचा दमाने. पुष्कळांचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरायचं कधी, तर दोन-दोन, तीन-तीन सेकंद सगळं थांबलं तर. तुमचं तसं कुठेच नाही.
जिन्यात बसून रडले. मग भूक लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
आज उभ्याने दात घासले. रेंजवर जातेय. दादाला सगळं सांगून टाकणार, खूप हसेल माझ्यावर.

दुपार, दवाखान्यात
सांगायच्या आधीच दादाने माझी रायफल मागून घेतली. बायपॉडवर त्याची पहिलीच वेळ. पाच गोळ्या, पाचही एका भोकात.
म्हणाला, "उगाच नावं ठेवतेस. झकास आहे हा. फुली उडते, उडते आणि मधेच दगडासारखी थांबते. मी सावकाश एक, दोन, तीन म्हणतो आणि मारतो."
म्हटलं, "दादा, रायफल खाली ठेव. चल."
रविवार असून डॉक्टरीणबाईंनी दवाखाना उघडला. तो आत आहे. जाताना चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तो टार्गेटचा कागद जपून ठेव. असं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.