हरूनही चौथा नंबर

बाई, गेला महिनाभर मला किळस येते आहे, आणि ती कुणापुढे ओकावी हे कळेना म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही गेल्याची बातमीसुद्धा मला इथे, टोकियोत, दहाव्या दिवशी कळली होती आणि तेव्हा तुमच्या घरी दोन ओळी लिहायचंही मला सुचलं नव्हतं. आज लिहिते आहे ते गरज पडली म्हणून. "काम पडलं की बरी बाई आठवते," असं तुम्ही म्हणाला असता. म्हणा. खरंच आहे ते.

आधी मी काय काम करते ते सांगते, कारण घाण तिथूनच सुरू होते. आम्ही हिगाशी-कसाईत राहतो, जिथे खालच्या दुकानात कढीपत्ता मिळतो आणि लिफ्टमध्ये रोज एक तरी पुणेकर भेटतो. नवऱ्याच्या नोकरीमागे आले, पहिली काही वर्षं डबे आणि बालवाडीत गेली, मग एका लहानशा कंपनीत लागले. कंपनी कॉलेजच्या खेळांची वेबसाइट चालवते. माझ्याकडे मुलींचं व्हॉलीबॉल आहे. दर सोमवारी सकाळी दहाला आमची क्रमवारी लागते: कुठल्या युनिव्हर्सिटीची टीम कितव्या नंबरावर, कोण चढली, कोण घसरली, आणि त्याखाली येत्या शनिवार-रविवारचे सामने, कुठल्या जिममध्ये आणि किती वाजता. त्या क्रमवारीचं गणित मी बसवलं आहे. किती सामने जिंकले, समोरची टीम किती तगडी होती, किती सेट घालवले, सगळं त्यात येतं. तुमच्या हाताखाली खेळलेल्या पोरीनं बसवलेलं गणित आहे हे, असं मी मनातल्या मनात म्हणायची आणि सुखावायची.

तुम्हाला क्रमवारीचा तिटकारा होता हे मी सोयीस्करपणे विसरले. आपल्या कॉलेजात क्रीडा विभागाच्या दाराबाहेरच्या फळ्यावर तुम्ही पुढचे सामने खडूनं लिहायचात, तुमच्या त्या ताठ अक्षरात. एकदा कुणीतरी त्याच फळ्यावर पेपरातलं कात्रण डिंकानं चिकटवलं होतं, विभागात आपली टीम तिसरी आल्याचं. आम्ही सगळ्या त्याभोवती गोळा झालोय, एकमेकींना ढकलतोय, आणि मागून तुम्ही येता. नखानं ते कात्रण खरवडून काढता. "हा नंबर कुणी दिला? पेपरवाल्यानं. त्याला सर्व्हिस करता येते का? नाही ना? मग चला, पन्नास पन्नास." त्या दिवशी खांदा एवढा दुखला की मला वेणी घालता येईना. आईनं घातली आणि घालताना तुमच्या नावानं बोटं मोडली.

दोन वर्षांपूर्वी आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, मला म्हणाले की गणितात आणखी एक रकाना हवा. चूमोकुदो. लोकांचं लक्ष किती आहे त्याचं माप. कुठल्या टीमचे फोटो लोक किती वेळा उघडतात ते मोजायचं, जास्त उघडलेले फोटो यादीत वर दाखवायचे आणि त्याचे थोडे गुण टीमला द्यायचे. जाहिरातवाल्यांना तसं हवं होतं. मी विचारलं, फोटोचा आणि खेळाचा काय संबंध? ते हसून म्हणाले, "भाजीत मीठ घालता ना तुम्ही लोक, तेवढंच घाला." मी घातलं. मान डोलावली, नीट बसवलं, तीनदा तपासून पाहिलं आणि घरी जाताना कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या रात्रंदिवस उघड्या दुकानातून, स्वतःसाठी आइसक्रीम घेतलं, काम वेळेत झालं म्हणून. पुढे दर हंगामाला ते मीठ वाढत गेलं. मीच वाढवत गेले. एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा, एवढंच तर काम.

आणि या वसंतात माझी लेक तिच्या युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये पहिल्या सहांत आली. वीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच. नेटशी मधोमध उभी राहून ब्लॉक करते. तुम्ही असता तर तिच्या हातांकडे बघितलं असतंत, चेहऱ्याकडे नाही. पहिल्याच सामन्यानंतर आमच्या साइटवर तिचा फोटो लागला: उडी मारलेली, दोन्ही तळवे नेटच्या वर, केस सुटलेले. बाई, मी वेडी झाले. फोटो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग पुण्याच्या घरच्या ग्रुपवर दुवा टाकला, मग इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आमची लेक! सगळ्यांनी आवर्जून बघा, सारखं सारखं बघा." आपल्या लोकांना तेवढं पुरतं. मामेसासऱ्यांनी उघडला, गणपतीत तबला वाजवणाऱ्यांनी उघडला, पलीकडे ओजिमाला राहणाऱ्या मैत्रिणीनं तिच्या ऑफिसभर दाखवला. सोमवारी क्रमवारी लागली. तिची टीम शनिवारचा सामना तीन सेटमध्ये सरळ हरली होती आणि सातव्यावरून चौथ्या नंबरावर चढली होती.

तेव्हाच मला मळमळायला हवं होतं. नाही मळमळलं. मी त्या चौथ्या नंबराचा स्क्रीनशॉट काढून त्याच ग्रुपांवर टाकला.

पुढच्या सामन्याला मी इचिकावाच्या जिममध्ये गेले. माझ्या पुढच्या ओळीत पन्नाशीचा एक गृहस्थ होता, इस्त्रीचा शर्ट, शेजारी बाजरीच्या कणसाएवढी लांब लेन्स. माझ्या लेकीची सर्व्हिस आली की तो कॅमेरा उचलायचा. चेंडू पलीकडे गेला की खाली ठेवायचा. पॉइंट कुणाला मिळाला हे त्यानं एकदाही बघितलं नाही. सेट संपल्यावर तो काढलेले फोटो मागेपुढे करून बघत होता आणि मला त्याच्या खांद्यावरून पडदा दिसत होता. एकाही फोटोत चेहरा नव्हता. कंबर आणि मांड्या, बाई. माझ्या पोरीच्या. आणि मग त्या माणसानं जेवणाचा डबा संपवला, बाटलीचं लेबल सोलून वेगळं केलं, झाकण वेगळं ठेवलं, सगळा कचरा आपापल्या पिशवीत भरला आणि जाताना मला वाट द्यावी म्हणून वाकून "सुमिमासेन", माफ करा, म्हणाला. मला त्याच्या त्या नीटनेटकेपणाची जास्त शिसारी आली. मीही वाकले. सवय.

आपल्या मैदानाच्या भिंतीवर पोरं बसायची ते आठवतं का तुम्हाला? तुम्ही दगड घेऊन धावला असाल असं कुणालाही वाटेल, पण तुम्ही तसं काही केलं नाहीत. तुम्ही आम्हाला एप्रिलच्या उन्हात शॉर्ट्सवर ट्रॅकपँट घालायला लावली. "त्यांचे डोळे मी काढू शकत नाही, तुम्ही झाकून घ्या." मी घामानं चिकटलेल्या पायांनी खेळले आणि तुमचा राग राग केला. तो राग अजून गेलेला नाही. परवा टीमच्या मॅनेजर बाईंनीही मुलींना तेच सांगितलं, आतून जाड काळं काहीतरी घालत जा. पंचवीस वर्षं, दोन देश, आणि उपाय एकच: पोरींनी आणखी एक कपडा चढवायचा. याची मला घाण वाटते, आणि तुमचीही थोडी वाटते, हे आज सांगून टाकते.

तरी मी तुमच्या स्वयंपाकघरात वाढले हेही खरं. सरावानंतर तुम्ही आम्हा चौघींना घरी न्यायचात, स्टोव्हवर अंडी उकडायचात, मीठ-तिखट लावून ताटलीत ठेवायचात. माझ्या घरी अंड्याचं नावही चालत नव्हतं. "घरी विचारलं तर चणे खाल्ले म्हण," असं तुम्हीच शिकवलंत. आणि त्याच तुम्ही आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मला बाहेर बसवलंत. चेंडू माझ्या करंगळीला लागून बाहेर गेला होता, पंचांना दिसलं नाही, पॉइंट आपल्याला मिळाला, आणि मी हात वर करून सांगितलं नाही. तुम्ही लगेच बदली खेळाडू मागितली. "पंचांना दिसलं नसेल. तुला तर कळलं ना?" सगळ्यांसमोर. आपण तो सेट हरलो. अंड्याचं खोटं चालतं आणि करंगळीचं चालत नाही, हा हिशेब मला तेव्हाही कळला नव्हता. त्याच रात्री आमच्या घरी येऊन स्वतःचे नी-कॅप मला दिलेत ते तुम्ही कशासाठी दिलेत, तेही नाही कळलं.

लेकीला सगळं कळायला वेळ लागला नाही. तिच्या फोटोखाली काय काय लिहिलं जातंय ते तिला टीममधल्याच एकीनं दाखवलं. समोरच्या टीमच्या मुली तिला बघून काहीतरी कुजबुजून हसल्या. कॅप्टन म्हणाली, आपला नंबर खेळावर आलेला नाही, तुझ्यावर आलाय. ती घरी आली, बूट काढले, भिंतीला टेकून उभी राहिली. मी विचारलं, "काय गं, काय झालं?" ती बहुतेक जपानीतच बोलते, मी मराठीत, आमचं तसंच चालतं. म्हणाली, "मो ईई. पुरे झालं. शनिवारी मी खेळणार नाही." शनिवारी समोर पहिल्या नंबरची टीम आहे. याच सामन्यासाठी ती सहा महिने पहाटेची पहिली गाडी पकडून सरावाला जात होती.

मी बुचोंकडे गेले. तो रकाना काढून टाका, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान तिरकी केली, "हे जरा कठीण आहे," म्हणाले. पण लेकीचे फोटो त्याच दुपारी उतरवले, उभे राहून, खोल वाकून माझी माफी मागितली. रकाना तसाच राहिला. संध्याकाळी बघितलं तर फोटोंच्या यादीत सगळ्यात वर दुसऱ्याच युनिव्हर्सिटीची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, तोच कोन, तसलीच लांब लेन्स. आणि मला, बाई, हायसं वाटलं. त्या माणसाची किळस एकवेळ साबणानं धुऊन जाईल. त्या हायसं वाटण्याची जात नाही.

काल लेकीनं विचारलं. ताटावर बसलो होतो, नवरा ऑफिसच्या कॉलवर होता. "आई, तुमच्याकडे लॉग असतो ना? कोणी कधी उघडला ते दिसतं ना? सुरुवात कुणी केली ते मला बघायचंय. आधी कुणी वर आणला तो फोटो?" रोज मान खाली घालून खाणारी मुलगी, सरळ माझ्याकडे बघत होती. मी भाजी वाढत म्हणाले, "इतके दिवस नाही ठेवत गं आम्ही लॉग."

ठेवतो. वर्षभर ठेवतो. मी तो आठवड्यापूर्वीच उघडून बघितला होता. पहिली नोंद माझ्या फोनची आहे. दुसरी, तिसरी, पाचवीही माझीच. मग पुणे, मग हिगाशी-कसाई, मग ओजिमा, सगळी आपली माणसं, कौतुकानं डोळे भरून बघणारी. पहिल्या दिवसभरात दुसरं कुणीच नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तो फोटो यादीत सगळ्यात वर चढवला, आणि दुसऱ्या दिवशी ते आले, ज्यांना फक्त यादीतलं सगळ्यात वरचं हवं असतं. त्यांना तिच्यापर्यंतचा रस्ता आम्ही झाडून दिला, आणि गणित माझं होतं.

आज शनिवार. सामना दुपारी दोनला आहे, आत्ता नऊ वाजलेत. तिची बॅग दाराशी पडलेली आहे, ती भरलेली आहे की रिकामी ते मला माहीत नाही आणि हात लावायचा धीर होत नाही. मघाशी ती पाणी प्यायला आली, माझ्या मागे उभी राहिली. मी कागद झाकला नाही. "पत्र? हातानं?" तिनं विचारलं. "कुणाला?" म्हटलं, "माझ्या व्हॉलीबॉलच्या बाईंना." ती खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिली, याच पानाकडे, लॉगबद्दल लिहिलं आहे त्याच ओळींकडे. "अक्षर छान आहे तुझं," म्हणाली आणि खोलीत गेली.

तिला देवनागरी वाचता येत नाही, बाई. जपानीत लिहिलं असतं तर ते तिच्यासाठी झालं असतं. म्हणूनच मी तुम्हाला लिहायला बसले.