जुवेनालच्या नावाची मिस्सा

प्रिय जुवेनाल,

अकरा वर्षांनी बापाचं अक्षर पाहून तू हे पाकीट उघडशील की फेकून देशील, मला माहीत नाही. फेकू नकोस. दर नाताळाला येणारं तुझं कार्ड मीच मोठ्या गावच्या पोस्टातून आणतो आणि चर्चच्या माडीवर, ऑर्गनच्या पेटीत ठेवतो. उत्तर एकालाही दिलं नाही. गेल्या वेळच्या कार्डात तुझ्या मुलीचा फोटो होता. कपाळ थेट तुझ्या आईचं.

इथे सध्या एकच धामधूम आहे. आपल्या चर्चवर व्हिडिओ काढायचा घाट घातलाय. मोठ्या गावातले लोक अजून आपल्याला हट्टी, जुनाट म्हणतात. लॅटिनमधली मिस्सा, म्हणजे आपली वेदीवरची उपासना, ही नुसती पोपटपंची आणि बायकांच्या डोक्यावरची ओढणी म्हणजे गुलामी, असं त्यांचं चाललेलं असतं. त्याला उत्तर द्यायला औषधवाल्याची ग्रासिएला पुढे झाली. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून मागून आणलाय, दिवे साखर कारखान्यातल्या वायरमनने दिलेत, बाकी आम्ही सगळी हौशी मंडळी. रविवारी मिस्सा झाली की कॉफी आणि मक्याच्या केकवर बैठक बसते. दोना क्लोतिल्दे म्हणाली, मला दाखवायचं तर उजवीकडून दाखवा, डावीकडे दात नाहीत. कुणाला वाटत होतं, लॅटिन सोडत नाही म्हणून मोठ्या गावच्या जुन्या देवळातून हाकललं तेव्हा आपण डोक्यावर विटा वाहून हे बांधलं, ते सांगावं. कुणाला पोपांची जुनी पत्रं वाचून दाखवायची होती. ग्रासिएलाने सगळ्यांना गप्प केलं. वाद घातला तर लोक बघायचेच बंद होतील, त्यापेक्षा काहीतरी दाखवू या, म्हणाली. "आपण आपल्या मेलेल्यांना विसरत नाही. एवढं दाखवलं तरी बास आहे."

म्हणून मृतांची मिस्सा ठरली. काळे झगे, सहा पिवळ्या मेणबत्त्या आणि मधोमध एसा. तुला आठवत असेल, देह समोर नसला की काळं कापड पांघरून ठेवतात तो रिकाम्या शवपेटीचा सांगाडा. नाव कुणाचं घ्यायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा ग्रासिएला माझ्याकडे वळली. "अब्दियासकाका, जुवेनालचंच घेऊ या. बापाने स्वतःच्या मुलासाठी गायलेली मिस्सा. दगडालासुद्धा पाझर फुटेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

हो, जुवेनाल. इथे तू मेलेला आहेस. त्या घटस्फोटित बाईशी तू सरकारी कचेरीत लग्न केल्याचं पत्र आलं, त्याच आठवड्यात मी सांगून टाकलं, की उत्तरेत बेलें शहराजवळ नदीत होडी उलटली आणि देह सापडला नाही. चर्चमध्ये गाणाऱ्याचा मुलगा पापात राहतो, यापेक्षा मेलेला मुलगा बरा वाटला मला. राग होताच, पण त्याहून जास्त लाज होती. वाटलं, दोन महिन्यांत डोकं ठिकाणावर येऊन तू परतशील, मग म्हणता येईल की चमत्कार झाला. तू आला नाहीस आणि गाव रडायला लागलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात पाद्रे ओतासिलियो तुझं नाव घेतात आणि मी माडीवरून गाऊन उत्तर देतो. ख्रिस्तप्रसाद घ्यायला मात्र एकदाही खाली उतरलो नाही. लोकांना वाटतं, बिचाऱ्याचं दुःख. कबुली न देता जिभेवर ख्रिस्त घ्यायची माझी छाती होत नाही, एवढंच त्यात खरं आहे.

आईलाही मी हेच सांगितलं होतं. खरं कळलं असतं तर ती पाप-बिप न विचारता पहिल्या बसने तुझ्याकडे निघाली असती. आता जे लिहायचं ते कितीही टाळलं तरी लिहावंच लागेल. आई जूनमध्ये गेली. पोटाचं दुखणं होतं, तीन आठवडे अंथरुणावर होती. तुला कळवलं नाही. मेलेल्या मुलाला आईच्या मरणाची बातमी कोण पाठवतो? शेवटी शेवटी ती जराही घाबरली नाही, उलट तिला जायची घाई झाली होती. "अब्दियास, तुझं तू बघ आता," म्हणाली, "माझा पोर तिथे अकरा वर्षं एकटा आहे." मी तिचा हात धरून बसलो होतो. तुझ्या मुलीचा फोटो माझ्या खिशात होता. मी तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात भर दुपारी व्हिडिओची तालीम झाली. शेजारच्या मळ्यात ऊस पेटवला होता, खिडकीतून काळी राख उडत येत होती. मी गायला लागलो आणि तुझ्या नावाच्या जागी आलो, तर त्या सांगाड्याशी आई उभी. तोच घरातला निळा झगा. वाकून कापडाची कड उचलून ती आत बघत होती, चूल नीट विझली का बघावं तशी. मग दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथूनही बघितलं. मी गाणं तिथेच तोडलं. खालून ग्रासिएला म्हणाली, "छान, काका. शूटिंगलाही इथेच थांबा." तिला काय दिसणार? त्या दिवसापासून मी माडीवर एकटा जात नाही.

शूटिंग नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊला आहे. आदल्या शनिवारी मी पाद्रेंपुढे गुडघे टेकून कबुली देणार आणि रविवारी सगळ्या गावापुढे उभा राहून खरं सांगणार. ग्रासिएलाचा व्हिडिओ बुडेल कदाचित, आणि लोक म्हणतील की यांच्या जुन्या धर्माला खोट्याचा टेकू लागतो. ते मी ऐकून घेईन. मिस्सा मात्र होईल, तुझ्या आईच्या नावाने. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, तेवढा हक्क मला नाही. तू चुकलास असं मला आजही वाटतं, तेही लपवत नाही. पण तू ये. मुलीला आण, तिच्या आईलाही आण. तुझी आई तिकडे मेलेल्या माणसांमध्ये तुला शोधत फिरतेय, जुवेनाल, आणि तू तिला सापडत नाहीस. एकदा चर्चमध्ये येऊन सगळ्यांसमोर उभा राहा, म्हणजे तिचं शोधणं थांबेल.

अजूनही तुझाच,
बाबा